हिरवी काडी

"जोडी कोण कोण? जोडीजोडीनं उभे राहा. सुटा माणूस मला नको!"

पिकअपमधून आमचे पाय अजून जमिनीला लागले नव्हते, तोच द्राक्षमळ्याचे मालक केशवनाना ओरडले. पहाट फुटत होती. निफाडकडची थंडी म्हणजे आमच्या डोंगरातल्या थंडीची सावत्र बहीण, अंगावर धावून येते. नानांनी माकडटोपी घातली होती, तिच्यावर मफलर गुंडाळला होता आणि हातातल्या बॅटरीचा उजेड ते एकेकाच्या तोंडावर मारत होते. बैलांची जोडी, चपलांची जोडी आणि आमची जोडी, तिन्ही निवडायची तऱ्हा त्यांची एकच.

मी सुटी होते. मागं सरकायला लागले तर भागीमावशीनं दंडाला धरलं. ती आमच्या टोळीची म्होरकी. नवरा लखमा सोबत होता, पण तो कानानं अधू आणि तोंडानं त्याहून. मावशीनं मला ओढत नेलं आणि नवसू गावितच्या शेजारी उभं केलं.

"ही याची," ती नानांना म्हणाली.

बॅटरी माझ्या तोंडावरून नवसूच्या तोंडावर गेली. "काय रे, नवरा बोलत नाही का?"

"बोलतो," नवसू म्हणाला.

"मग बोल ना."

"काय बोलू?"

टोळी खी खी हसली. नानाही हसले. "बायकोसमोर आपलं सगळ्यांचं हेच होतं बाबा," म्हणाले आणि पुढच्या जोडीकडं वळले.

झालं माझं दुसरं लग्न.

पहिलं रीतसर झालं होतं. हळद, ढोल, गावजेवण, काही कमी नव्हतं. नवरा हरी महाले, त्याला सगळे हऱ्या म्हणायचे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो वलसाडकडं वीटभट्टीवर गेला आणि तिथं एका बाईच्या घरात राहिला. निरोप नाही, काही नाही. मी सुरगाण्याच्या वरच्या अंगाला आमच्या पाड्यावर बापाकडं परत आले. आमच्यात बाईला दुसरं घर करायला कोणी आडवं येत नाही. तेवढ्यापुरते आम्ही तुमच्यापेक्षा बरे. अट एकच. पहिल्या नवऱ्यानं पंचांसमोर काडी मोडायची. वाळलेली काडी घ्यायची, मोडायची, तुकडे फेकायचे, बाई मोकळी. त्याचं नावच काडीमोड. त्यानं मोडली नाही तर बाई त्याचीच, मग तो दुसरीच्या कुशीत का लोळत असेना. आणि बाईनं मोडलेली काडी? ती चुलीत जाते.

नवसू शेजारच्या पाड्यावरचा. त्याच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं, की तो वाटेत भेटला तर बाजूला होऊन वाट देतो.

नाना सुट्या माणसाला का घेत नव्हते, ते काम बघितल्यावर कळलं. द्राक्षाच्या मांडवाखाली त्यांनी आम्हाला बसवलं आणि तळहातावर एक भुंगेरा धरून दाखवला. तपकिरी, चकचकीत, उडदाच्या दाण्याएवढा.

"हा उडद्या," नाना म्हणाले. "वेलीचे डोळे खातो, पान चाळणीसारखं करतो. हा आपल्या मातीतला नाही बरं का. बाहेरून आला, कलमांबरोबर. आमच्या बापाच्या वेळी हे असलं काही नव्हतं."

खरंखोटं नाना जाणोत. भागीमावशी आमच्या बोलीत पुटपुटली, "बाहेरच्याला हुडकायला बाहेरचेच आणले."

उडद्या दिवसभर चरतो. थंडी पडली की मात्र ऊब शोधत फिरतो, खोडाच्या सुटलेल्या सालीत शिरून बसतो. म्हणून आधी खोडं खरवडून साल काढून टाकायची. त्याचं घर मोडलं की मग त्याला दुसरं घर द्यायचं. वाळलेल्या केळीच्या पानांची सैल जुडी बांधायची आणि खोडाच्या बेचक्यात अडकवायची. संध्याकाळी गारठा पडला की भुंगेरे तिच्यात जाऊन दडतात. पहाटे ते थंडीनं बधिर असतात, तेव्हाच धरायचे. ऊन लागलं की उडी मारून पसार. एकानं वेलीखाली छत्री उलटी धरायची, दुसऱ्यानं जुडी अलगद काढून छत्रीत झटकायची आणि वरची वेल हळूच हलवायची. पाऊस पडावा तसा तडतड आवाज यायचा. मग छत्री रॉकेलच्या पाण्यात उपडी करायची.

"मारायचं असलं की आधी आसरा द्यायचा," भागीमावशी मला म्हणाली. "शिकून घे गं, यांच्याकडून शिकावं असं आहे."

"आणि एक ध्यानात ठेवा," नाना ओरडले. "वेल हलवताना काडी जपायची! जिला घड लागलाय ती काडी. ती मोडली की घड गेला. काडी मोडायची नाही! कोणीच काडी मोडायची नाही!"

आमच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. एकदोघींना तर बसल्या जागी ठसका लागला.

"काय झालं हसायला?"

"काही नाही नाना," मावशी माझ्याकडं बघत म्हणाली. "आमच्या जिवलीला मोडूनच पाहिजे."

"काय मोडून पाहिजे?"

"नशीब हो, नशीब."

नवसू तेवढा हसला नाही. तो केळीची पानं जुळवत बसला होता.

राहायला पत्र्याच्या खोल्या होत्या, एका जोडीला एक. एरवी त्यात द्राक्षाचे रिकामे क्रेट ठेवायचे. पहिल्याच दिवशी नवसूनं ते क्रेट खोलीच्या मधोमध एकावर एक रचले. माझ्या डोक्याच्या वर जाईल एवढी भिंत केली. अलीकडं मी, चूल आणि दार. पलीकडं तो.

"हे कशाला?" मी विचारलं.

"उद्या कोणी विचारलं तर."

"कोण विचारतंय?"

"कोणीही विचारतं," तो म्हणाला. "वेळ आली की ज्याला त्याला विचारायचं सुचतं."

ते तो कशावरून म्हणाला, ते मला हळूहळू कळलं. जेवणं झाली की तो पलीकडं जुड्या बांधत बसायचा आणि मी अलीकडं भांडी घासायचे. मधे क्रेटची भिंत. समोरासमोर त्याच्या तोंडातून शब्द ओढून काढावा लागायचा, पण भिंतीआडून तो बोलायचा. आमच्यात मुलीसाठी सासऱ्याच्या शेतात राबायची रीत आहे. पोरगा काही वर्षं घरजावई म्हणून राहतो, नांगर धरतो, मग मुलगी त्याची. नवसू असा एका घरी राबला होता. मुलगीही त्याला भाकर वाढत होती, हसत होती. शब्द ठरवला होता तो तिच्या बापानं आणि यानं बांधावर बसून, दोघांतच. पुढं शेत सुधारलं, विहिरीला पाणी लागलं, आणि बापानं मुलगी दुसरीकडं दिली.

"मी पंचांकडं गेलो," नवसू म्हणाला. "त्यांनी विचारलं, कोणासमोर ठरलं होतं?"

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? बांधावर कोण असतं? बैल होते."

मला हसू आलं आणि मी ते आवरलं. पलीकडून तोच हसला. तेव्हापासून मी भांडी हळू घासायला लागले.

क्रेटला जाळी असते. चुलीचा उजेड त्या जाळीतून पलीकडं जायचा आणि त्याच्या तोंडावर चौकटीचौकटीनं पडायचा. एका चौकटीत डोळा, एकीत ओठ, एकीत खालच्या जबड्यावरचा जुना व्रण. सगळा नवसू एकदम मला कधी दिसलाच नाही. मी चुलीत उगाच काटकी सारायचे, म्हणजे उजेड थोडा वाढेल.

पण खरी ओढ पहाटेची. दवानं पानं ओली असायची, पायाखालची माती बर्फासारखी गार. तो छत्री धरून वेलीखाली वाकायचा आणि मी जुडी काढायला त्याच्यावरून हात न्यायचे. तेवढ्यात त्याच्या श्वासाची वाफ माझ्या मनगटाला लागायची. त्या सगळ्या थंडीत तेवढीच एक जागा ऊन असायची. एकदा एक उडद्या माझ्या केसांत पडला.

"हलू नकोस," तो म्हणाला.

मी हलले नाही. त्यानं छत्री बगलेत धरली आणि दोन बोटांनी केस बाजूला करून तो भुंगेरा काढला. उडद्या लगेच सापडला असणार. बोटं मात्र थोडी जास्त थांबली. रॉकेलचा वास यायचा त्याच्या बोटांना. आजही कुठं रॉकेल सांडलं तर बाकीची माणसं नाक धरतात. मी जवळ जाते.

एका संध्याकाळी मी भिंतीआडून विचारलं, "नवसू, मी तुला फक्त जुडी झटकायला लागते का?"

पलीकडं पानांची सळसळ थांबली. "जुडी काय, मी एकटाही झटकीन."

"मग?"

"मग काय. काडी मोडू दे त्याला. मग विचार."

"आणि त्यानं नाहीच मोडली तर?"

सळसळ पुन्हा सुरू झाली.

घडातले मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले होते, तेव्हा हऱ्या आला. सूर्य अजून वर यायचा होता. लाल जाकीट, गळ्यात रुमाल, तोंडात गुटखा. मांडवाखालून वाकत वाकत तो आमच्या ओळीत आला आणि जसा काही काल संध्याकाळी बाजाराला गेला होता, तसा म्हणाला, "चल."

"कुठं?"

"ऊसतोडीला. मुकादम सुट्याला घेत नाही, जोडीच मागतो."

"तुझी ती कुठं आहे?"

"गेली."

"कुठं गेली?"

"तुला काय करायच्यात तिच्या चौकशा? बायको तू आहेस. मी काडी मोडली का? बोल, मोडली का काडी?"

त्यानं आवाज चढवला आणि पलीकडच्या ओळीतून नाना धावत आले. मफलर सुटून लोंबत होता. "काय मोडली? कोणी मोडली रे काडी?"

"अजून नाही मोडली नाना," भागीमावशी म्हणाली. "बोलणी चालू आहेत."

"हा कोण?"

"मी हिचा नवरा," हऱ्या म्हणाला.

नानांनी नवसूकडं बघितलं. नवसू वाकलेला तसाच होता, हातात उलटी छत्री, छत्रीत भुंगेरे. "मग हा कोण?"

"मी छत्री धरतो," नवसू म्हणाला.

आता लिहिताना मला हसू येतं. तेव्हा आलं नाही. हऱ्यानं माझं मनगट धरलं. मी दुसऱ्या हातानं मांडवाची तार धरली. अख्खा मांडव हलला आणि आमच्या डोक्यांवर दव आणि भुंगेरे पडले.

"हात सोड तिचा," नवसू म्हणाला. त्याचा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"तू कोण सांगणारा? कोणासमोर केलीस तिला? सांग ना, कोणासमोर केलीस?"

त्या एका शब्दानं नवसूचा उचललेला पाय जागीच राहिला. हऱ्याला त्याची जुनी गोष्ट माहीत नव्हती. नेम न धरता मारलेला दगड कधीकधी बरोबर लागतो. हऱ्यानं पुन्हा मला ओढलं. खालची माती ओली होती, त्याचाच पाय घसरला आणि सावरायला त्यानं वर हात मारला. हाताला आली ती काडी. कट् असा आवाज झाला. मोडलेली काडी घडासकट त्याच्या मुठीत लोंबत राहिली.

"मोडली!" नाना किंचाळले. "अरे मोडली रे काडी! सगळ्यांच्या देखत मोडली! माझ्या डोळ्यांनी बघितली मी!"

भागीमावशीचे डोळे चमकले ते मला दिसले. "कोणी मोडली नाना? नीट सांगा."

"ह्यानं! ह्याच मुडद्यानं मोडली!"

"मोडली तर मोडली!" हऱ्या उलट ओरडला. "एवढं काय त्या काडीचं? हो, मोडली! मीच मोडली! काय करता?"

मावशीनं टाळी वाजवली. "ऐकलं का रे सगळ्यांनी? पंच आहेत. कबुली आहे. वर मांडवसुद्धा आहे. जिवले, मोकळी झालीस गं बाई!"

सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडायला एक क्षण लागला. मग जो हशा उठला! कानानं अधू लखमासुद्धा हसला. कशाला हसतोय ते त्याला रात्री सांगावं लागलं म्हणे. हऱ्या मुठीतल्या काडीकडं बघत राहिला. "अरे, ती काडी ही नव्हे," तो म्हणाला, "ती वेगळी, ही..."

"काडी ती काडी," मावशी म्हणाली. "नानांच्या देखत मोडलीस. आमच्या पंचांत आता बंगलेवाले पंच आहेत."

नानांना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांना घड दिसत होता. त्यांनी नवसूच्या हातातून पडलेली छत्री उचलली आणि हऱ्याला बांधापर्यंत हाकलत नेलं. परत आले तेव्हा धापा टाकत होते. "कोणाची बायको कोण, ते तुमचं तुम्ही बघा," म्हणाले. "माझी काडी मोडणारा माणूस या मळ्यात पुन्हा दिसायला नको."

मी नवसूकडं बघितलं. तोही हसत होता. त्याचे वरचे दात थोडे पुढं आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी मी क्रेटच्या भिंतीवरचा सगळ्यात वरचा क्रेट उतरवला. त्यानं तो उचलून पुन्हा वर ठेवला.

"आता कशाला?" मी म्हणाले.

"गावी जाऊ. पंचांसमोर सांगू. मग."

"पंच तर इथंच झाले."

"तिथं होऊ दे," तो म्हणाला. "एकदाच करू, पण असं करू की कोणाला तोंड उघडायला जागा राहणार नाही."

मी चिडले का? नाही. उलट मला गोड वाटलं. द्राक्षांचा खुडा संपेपर्यंतचे ते दिवस मी जपून जपून खाल्ले, पोर गुळाचा खडा चाटतं तसे. तो भिंतीपलीकडं घराबद्दल बोलायचा. कुडाच्या भिंती कुठं घालायच्या, दार कोणत्या बाजूला, नागली कुठं आणि भात कुठं. मी मधेच म्हणायचे, दार नदीकडं पाहिजे. तो म्हणायचा, नदीकडून वारा येतो. मी म्हणायचे, येऊ दे. मग तो थोडा वेळ विचार करायचा आणि म्हणायचा, बरं. त्या घराचं दार आमच्या दोघांत असं रोज थोडंथोडं सरकत होतं.

मळ्यातून सुटून पाड्यावर गेलो आणि पंच बसले. आमचे पंच म्हणजे वाघदेवाच्या दगडाजवळ बिड्या ओढत बसणारे म्हातारे आणि त्यांचा पुढारी कारभारी. भागीमावशीनं सगळी हकिगत नाचून सांगितली. नानांची किंचाळी काढून दाखवली, हऱ्याचं घसरणं करून दाखवलं. म्हाताऱ्यांची हसून हसून बिडी विझली.

"काडी कसली?" एकानं विचारलं.

"द्राक्षाची."

"म्हणजे हिरवी?"

"हिरवी."

"आपल्यात वाळकी लागते."

"अरे, हिरवी काय न् वाळकी काय," दुसरा म्हणाला. "त्या भडव्यानं बाई टाकली ती टाकलीच ना? मोडली म्हणतो तर मोडली."

काम होत आलं होतं. माझा बाप आधीच उठून धोतर झटकत होता. कारभाऱ्यानं बिडी पुन्हा पेटवली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "तुकडे झाले ना पण? दोन?"

"झाले की," भागीमावशी म्हणाली.

"नवसू, तू तर जवळच होतास. झाले ना रे तुकडे?"

मला आज वाटतं, कारभाऱ्यालाही हो हेच ऐकायचं होतं. सगळ्या पाड्याला हो ऐकायचं होतं. नवसूनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग खाली.

"नाही," तो म्हणाला. "सालीला लोंबत होती."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. कारभाऱ्यानं मान हलवली. "मग नाही बाबा," म्हणाला. "सालीला लोंबते ती मोडली असं कसं म्हणायचं?"

मी नवसूला नदीच्या वाटेवर गाठलं. "का बोललास? जीभ झडली असती का तुझी, हो म्हणाला असतास तर?"

"मग खोटं बोलू?"

"बोलायचं! सगळं जग बोलतं!"

"उद्या हऱ्या परत येईल. विचारील, तुकडे किती झाले, कोणी मोजले. भागीमावशीला विचारील, लखमाला विचारील. कोणीतरी फुटेल. तेव्हा आपली पोरं असतील, जिवली. त्यांच्या तोंडावर विचारील."

आपली पोरं. त्यानं आपली म्हटलं. मला त्याचा गळा धरायचा होता, आणि मी तो एक शब्दच धरून बसले.

"मी आणतो त्याला," तो म्हणाला. "ओढून आणतो. इथंच, याच दगडासमोर वाळकी काडी मोडायला लावतो."

"नको जाऊ. मला ती हिरवी चालते."

"मला पण चालते," तो म्हणाला. "लोकांना चालत नाही."

तो गेला. धरमपूरहून एक निरोप आला, की हऱ्या इथून पुढं वापीला गेलाय आणि मी मागं जातोय. नंतर निरोप नाही. कोणी म्हणालं, कंपनीत लागलाय. कोणी म्हणालं, बाई ठेवलीय. कोणी म्हणालं, बांधकामावरून पडला तो हाच असेल. ज्याला जे सुचेल ते म्हणायचं, तोंड फुकटचं असतं. नवसूची आई वारली तेव्हा मीच तिला पाणी पाजलं, आणि मी तिची कोण, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

हऱ्या मात्र आला. बऱ्याच वर्षांनी, खोकत, जाकिटाचा रंग उडालेला. मरायला गाव लागतं माणसाला. तो स्वतःच पंचांसमोर बसला, वाळकी काडी घेतली आणि मोडली. दोन तुकडे, स्वच्छ. एक माझ्या पायाशी आला. कारभारी तेव्हा दुसरा होता. म्हणाला, "बाई, तू आता मोकळी."

मी हऱ्याला विचारलं, "नवसू भेटला होता का तुला?"

"कोण नवसू?"

"छत्री धरायचा तो."

त्यानं खूप आठवून बघितलं. खोटं बोलण्याइतकं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. "नाही गं," म्हणाला. "मला शोधत कोणीच आलं नाही."

लोक मला म्हणतात, हऱ्यानं तुझी माती केली. हऱ्यावरचा माझा राग केव्हाच संपला. हऱ्यासारखी माणसं पाऊसपाण्यासारखी असतात, सोसायची आणि विसरायची. राग आहे तो त्या खऱ्या बोलणाऱ्यावर. राग आहे त्या दगडाजवळच्या म्हाताऱ्यांवर, ज्यांना नवऱ्यानं टाकलेली बाई डोळ्यांनी दिसत होती आणि तरी काडीची साल बघायची होती. तो राग मी विझू देत नाही. विझला तर नवसूचं माझ्याजवळ काय उरेल?

तो गेला त्या सकाळी मी त्याला सोडायला उंबरठाणच्या फाट्यावर गेले होते. गुजरातकडं जाणारी जीप माणसांनी गच्च भरली होती, तो मागं फळीवर बसला होता, मांडीवर पिशवी. मी खाली उभी होते. आमच्या दोघांत आता क्रेट नव्हते, काही नव्हतं.

"कधी येशील?"

"येतो की लवकर."

"लवकर म्हणजे?"

"तू घराची जागा साफ करून ठेव," तो म्हणाला. "दार नदीकडंच करू."

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. नवसूनं फळीवरून हात खाली केला, माझ्याकडं, तळवा वर. एवढ्या दिवसांत त्यानं आपण होऊन केलेलं ते पहिलंच. माझा हात पदराखाली होता. मी तो बाहेर काढला नाही. फाट्यावर माणसं उभी होती, बघत होती, आणि माझी काडी मोडलेली नव्हती.

जीप वळणाआड गेली. ती माणसं कोण होती, किती होती, त्यातलं एक तोंडसुद्धा मला आज आठवत नाही.